स्तनपानाचे मार्गदर्शन हे शहरी खूळ आहे का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

नव्या मातांना स्तनपानासाठी प्रशिक्षित व्यक्तीची मदत मिळायला हवी, या माझ्या लेखावर आपण परखड आणि सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे : आपल्या आईने पाच मुले अंगावर पाजून वाढवली, तिला कोणी सल्लागार लागली नाही, घरात आई आणि सासू असताना पैसे मोजून परक्या बाईला बोलावणे हे शहरी खूळ आहे, आणि असले लेख वाचून बाळंतीण उगाच धास्तावते. पुढच्या महिन्यात आपल्या सुनेची तारीख आहे, असेही आपण लिहिले आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो आहे.

आपल्या आईच्या पिढीला मार्गदर्शन नव्हते, हे मला मान्य नाही. ते घरातच होते. वर्षाकाठी कुणी ना कुणी बाळंतपणाला आलेली असे, आणि बाळाला पदराखाली कसे घ्यायचे हे मुली स्वतःचे लग्न ठरण्यापूर्वीच पाहून शिकलेल्या असत. आजच्या कितीतरी मुली नवजात बाळ पहिल्यांदा हातात घेतात ते स्वतःचेच. शिवाय त्या काळाचे सगळेच गोड मानून चालत नाही. अनेक घरांत पहिला चीक पिळून टाकून बाळाला मध चाटवत असत, आणि १९७१ मध्ये देशात दर हजार बाळांमागे सव्वाशेहून अधिक बाळे पहिल्या वाढदिवसाआधी दगावत होती. त्याची कारणे अनेक होती हे खरे, पण ‘आमची कशी वाढली’ असे म्हणणारे आपण सगळे वाचलेल्यांपैकी आहोत.

मी बालरोग विभागात परिचारक म्हणून बरीच वर्षे काम केले, तेव्हा ‘दूधच येत नाही’ ही तक्रार रोज ऐकली. एक प्रसंग सांगतो. तिसरा दिवस होता. बाळाने ओढायला सुरुवात केली की ती मुलगी पायाची बोटे आवळून घेत होती. तिची आई अत्यंत मायेने स्तनाग्र चिमटीत धरून बाळाच्या तोंडात देत होती आणि दुसऱ्या हाताने त्याचे डोके मागून दाबत होती. बाळाचे पोट छताकडे, मान वळलेली, तोंडात केवळ स्तनाग्राचे टोक. बाळ सुटले की ते टोक नव्या लिपस्टिकसारखे तिरके झालेले दिसे, त्यावर चीर पडलेली. अळिवाची खीर डब्यात तयारच होती, पण खिरीने पकड सुधारत नाही. आमच्या सिस्टरने बाळाचे पोट आईच्या पोटाला लावले, डोक्यावरचा हात काढून खांद्यांना आधार दिला, बाळाने तोंड मोठे उघडेपर्यंत वाट पाहिली आणि हनुवटी आधी टेकेल असे त्याला जवळ घेतले. स्तनाग्राभोवतीचा काळा भाग, विशेषतः खालचा, तोंडात गेल्यावर संथ ओढ सुरू झाली आणि गिळण्याचा आवाज ऐकू येऊ लागला. दूध होतेच. ते आजीच्या मायेला दिसले नाही, शिकलेल्या नजरेला दिसले.

ही नजर रुग्णालयात आपोआप मिळते, असेही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१५-१६ ते २०१९-२१ या काळात देशातील रुग्णालयातल्या प्रसूतींचे प्रमाण ७८.९ टक्क्यांवरून ८८.६ टक्क्यांवर गेले. पण पहिल्या तासात स्तनपान मिळालेली बाळे मात्र ४१.६ वरून ४१.८ टक्के, म्हणजे जागच्या जागी. नैसर्गिक प्रसूतीनंतर दोनेक दिवसांत घरी सोडतात आणि दूध भरून येते साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी. म्हणजे गाठी, ताप, चिरा हे सारे सुरू होते तेव्हा माता घरी असते. गावात निदान आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी घरी येतात, जरी त्यांच्या डोक्यावर इतर कामांचा डोंगर असतो. शहरात खासगी प्रसूतिगृहातून घरी आलेल्या बाईकडे बहुधा कुणीच फिरकत नाही.

‘परदेशी फॅड’ म्हणाल, तर आशियातली पहिली मातृदुग्धपेढी, म्हणजे मातांनी दान केलेले दूध गरजू बाळांसाठी साठवणारी पेढी, १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मुंबईच्या शीव रुग्णालयात, म्हणजे पालिकेच्या रुग्णालयात सुरू केली.

पैशांबाबत मात्र आपली चीड मला रास्त वाटते. एका भेटीचे हजारो रुपये देऊ शकेल तिलाच मदत, ही व्यवस्था मला पसंत नाही. म्हणूनच माझा आग्रह असा आहे की प्रत्येक प्रसूतिगृहात, रात्रपाळीलासुद्धा, हे काम येणारी एक सिस्टर असावी आणि तिचे वेगळे बिल लावू नये. रात्री तीनला बाळ रडते, मदतीला कुणी नसते, आणि डब्याची पावडर येते ती अशा वेळी. वैद्यकीय गरज असेल तिथे वरचे दूध द्यावेच, त्यात अपराधी वाटण्यासारखे काही नाही. माणूस नाही म्हणून डबा, याला माझा विरोध आहे.

सुनेसाठी एवढे करा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे स्तनपानावरील व्हिडिओ मराठीत आहेत, ते तारखेच्या आधी दोघींनी मिळून पाहा. पाचव्या-सहाव्या दिवसापासून बाळाने दिवसाला सहा किंवा अधिक वेळा लंगोट ओला केला आणि दोन आठवड्यांत जन्माचे वजन भरून काढले, तर दूध पुरते आहे असे समजा. पाजताना दुखत राहिले, तर ‘पहिलटकरणीला दुखतेच’ म्हणून वाट पाहू नका, त्याच दिवशी कुणाला तरी दाखवा.