फूटपट्टीएवढे पिल्लू

दक्षिण अटलांटिक महासागरातल्या दक्षिण सँडविच बेटांजवळ मार्च २०२५ मध्ये दूरनियंत्रित पाणबुडीने टिपलेल्या कोलोसल स्क्विड या महाकाय, अनेक बाहूंच्या सागरी जीवाच्या पिल्लावरचा लेख वाचून मन भरून आले. १९२५ मध्ये स्पर्म व्हेल या देवमाशाच्या पोटात सापडलेल्या बाहूंच्या तुकड्यांवरून या प्रजातीला नाव मिळाले, आणि तो जीव त्याच्या मूळ ठिकाणी पोहताना दिसायला पुढे शंभर वर्षे लागली. परभणीत आम्ही समुद्रापासून इतके दूर, की शाळेतल्या मुलांना खोली विहिरीच्या परसांतच (एक परस म्हणजे साधारण पुरुषभर उंची) सांगावी लागते. हे पिल्लू ६०० मीटर खोलीवर दिसले, म्हणजे तीनशेहून अधिक परस, हे ऐकून वर्ग गप्प झाला. मग मी फूटपट्टी धरून ३० सेंटीमीटरच्या त्या काचेसारख्या पारदर्शक पिल्लाची आकृती फळ्यावर काढली. अंटार्क्टिकाजवळच्या रॉस समुद्रात २००७ मध्ये मिळालेली याच प्रजातीची मादी ४९५ किलोची होती. तिचा उल्लेख लेखात हवा होता.