‘कमीत कमी’ला कोणते चिन्ह? – एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

शाब्दिक उदाहरणांवरून दोन चलांतील रेषीय असमानता (म्हणजे x आणि y या दोन अज्ञात संख्यांवरच्या ‘इतक्याहून कमी नाही’, ≥, किंवा ‘इतक्याहून जास्त नाही’, ≤, अशा अटी) कशा मांडाव्यात, या माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. ‘किमान’ला ≥ आणि ‘कमाल’ला ≤ एवढा तक्ता पाठ असला की भागते, आधी मराठीत पूर्ण वाक्य लिहायला लावून मी मुलांचा परीक्षेतला वेळ घालवतो, हा पहिला, आणि मोजायच्या वस्तूंसाठी आलेखातला सगळा भाग रंगवणे चूक आहे, हा दुसरा. दुसरा मला मान्य आहे. पहिला मात्र नाही.

परळच्या शिकवणीत मी दरवर्षी पाहतो की ‘कमीत कमी’ या शब्दांत ‘कमी’ दोनदा ऐकू येते आणि मुलाचा हात आपसूक ≤ लिहितो. ‘जास्तीत जास्त’ला तसाच ≥ लिहिला जातो. यावर तक्त्याचा उपयोग होतो, हे मी नाकारत नाही. पण पुढचे उदाहरण पाहा. गणपतीत मोदकांची ऑर्डर घेणाऱ्या एका बाईंना उकडीच्या मोदकाला 3 मिनिटे व तळणीच्या मोदकाला 2 मिनिटे लागतात, हाताशी 4 तास आहेत आणि उकडीचे मोदक तळणीच्या निदान दुप्पट हवे आहेत. उकडीचे x व तळणीचे y मानले, तर 3x + 2y ≤ 240 बहुतेकांना जमते. दुसऱ्या अटीत मात्र ‘उकडीचे’ आणि ‘दुप्पट’ हे शब्द दिसतात त्या क्रमाने जोडून 2x ≥ y लिहिले जाते. चिन्ह तक्त्याप्रमाणे बरोबर, असमानता मात्र चूक! तळणीचे 21 असतील तर उकडीचे किती हवेत, असे विचारले की मूल लगेच ‘निदान 42’ म्हणते. आणि त्याने लिहिलेली असमानता 11 मोदकांवरही समाधान मानते, हे त्याच्याच लक्षात येते. योग्य मांडणी x ≥ 2y. असा एक आकडा घालून पाहायला अर्धे मिनिट पुरते.

शिवाय कित्येकदा तक्त्यातला एकही शब्द समोर नसतो. मुंबईतल्या कितीतरी इमारतींच्या लिफ्टमध्ये ‘6 व्यक्ती, 408 किलो’ एवढीच पाटी असते. त्यात ना ‘कमाल’ आहे, ना ‘पर्यंत’. माणशी 68 किलो धरून x माणसे आणि 20 लिटर पाण्याचे y जार (रिकाम्या जारचे वजन सोडून) चढवायचे असतील, तर 68x + 20y ≤ 408 हे वाचणाऱ्याला परिस्थितीवरूनच ओळखावे लागते; x ≥ 0 आणि y ≥ 0 तर पाटीवर कुणीच लिहीत नाही. अमेरिकन गणितज्ञ जॉर्ज डँट्झिग यांनी 1947 मध्ये मांडलेली सिम्प्लेक्स पद्धत अशा अटींमधून सर्वोत्तम उत्तर शोधून देते, पण अटच उलटी लिहिली असेल तर तीही चुकीच्या प्रश्नाचेच सर्वोत्तम उत्तर देणार. म्हणून मांडणीला वेळ द्यावा, असे मला मनापासून वाटते.

आलेखाबद्दल आपण दाखवलेली चूक माझीच आहे. साडेतीन जार किंवा अडीच माणसे लिफ्टमध्ये चढत नाहीत, त्यामुळे रंगवलेला भाग केवळ सीमा दाखवतो आणि उत्तरे म्हणजे त्यातले पूर्णांकांचे बिंदू. 5 माणसे असतील तर 340 किलो होतात, 68 किलो उरतात आणि y ≤ 3.4 मिळते; म्हणजे x = 5 वर 0, 1, 2 आणि 3 जारांचे चारच ठिपके. आपल्या सूचनेप्रमाणे लेखातली आकृती मी आज बदलली आहे.