मुतखड्यासाठी दूध सोडायला सांगणाऱ्या संदेशाचा प्रतिवाद

‘रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातील निरीक्षणे’ असा भारदस्त मथळा लावलेला एक संदेश सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आहे. मुतखडा पंचेचाळिशी ओलांडलेल्या, दूधदुभते आणि बियांसकट टमाटर खाणाऱ्या पुरुषांनाच होतो; म्हणून दूध-दही सोडावे, बिअर प्यावी आणि दुखणे थांबले की खडा पडला असे समजून सोनोग्राफीचा खर्च वाचवावा, असे त्यात म्हटले आहे. साठी ओलांडलेल्या माझ्या मावशीने हे वाचून ताकसुद्धा सोडले, म्हणून हे उत्तर.

बहुतेक खड्यांत कॅल्शियम असते, हे खरे. परंतु जेवणातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला (पालकासारख्या पदार्थांतून येणाऱ्या आणि कॅल्शियमशी मिळून खडा बनवणाऱ्या घटकाला) बांधून ठेवते आणि दोन्ही शौचावाटे निघून जातात. दूध तोडले की मोकळे राहिलेले ऑक्झलेट रक्तात शोषले जाते, लघवीत उतरते आणि तिथे खडा धरतो. इटलीतील बोर्गी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांपैकी निम्म्यांना कमी कॅल्शियमचा आहार दिला होता आणि उरलेल्यांना पुरेसे कॅल्शियम असलेला, पण मीठ व मांस कमी असलेला. पाच वर्षांत पहिल्या गटातील २३ जणांना पुन्हा खडा झाला, तर दुसऱ्या गटातील १२ जणांना. या फरकात मीठ आणि मांस कमी केल्याचाही वाटा आहेच; पण सावजी मटणाच्या या आमच्या नागपुरात फिरणाऱ्या संदेशात त्या दोहोंविषयी एक अक्षर नाही. शिवाय साठीतल्या बाईचे कॅल्शियम तोडणे म्हणजे तिची हाडे पणाला लावणे.

टमाटरच्या बियांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही; पालकाच्या तुलनेत त्यातील ऑक्झलेट नगण्य आहे. खडा विशी-तिशीतही होतो. पुरुषांत त्याचे प्रमाण अधिक आहे, पण बायकांनी निर्धास्त राहावे इतके नाही. रुग्णाची ओळख पटवायचीच असेल, तर मे महिन्यात पारा पंचेचाळिसाकडे जात असताना तो उन्हात किंवा भट्टीजवळ राबतो काय आणि दिवसभरात त्याला लघवी किती होते, हे विचारावे. ती दोन ते अडीच लिटर व्हावी, इतके पाणी पोटात जायला हवे.

बिअरने लघवी वाढते, एवढे नाइलाजाने मान्य करतो. पण आधीच झालेला खडा तिने विरघळत नाही, आणि बिअरमधील प्युरिन या घटकामुळे यूरिक अ‍ॅसिड वाढते, ज्याचेही खडे होतात, ते वेगळेच.

सर्वांत घातक सल्ला मात्र शेवटचा आहे. मूत्रवाहिनीत अडकलेला खडा तिथेच असतानाही कळ थांबू शकते, आणि लघवी तुंबून ते मूत्रपिंड हळूहळू, काहीही न दुखता, निकामी होऊ शकते. म्हणून खडा खरोखर पडला की नाही, हे तपासणीनेच ठरते. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुधा आपोआप पडतात, त्यामुळे संदेशावर विसंबलेल्या बऱ्याच जणांना तो खरा वाटतो. अडकलेल्या खड्यासोबत थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय) किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठावे.