घर ज्यांना मिळालं नाही, त्यांच्या कागदांचं काय? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार.

भाड्याच्या घरासाठी अर्ज करताना आर्थिक कागदपत्रं किती आणि कधी द्यावीत, या माझ्या लेखावर 'एक घरमालक' अशी सही करून तुम्ही मोठी प्रतिक्रिया लिहिलीत. तिला दोन ओळींत उत्तर देणं योग्य झालं नसतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. मूळ लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगते: नुसतं घर बघायला जाताना बँक स्टेटमेंट, कर विवरणपत्र किंवा ओळखपत्राची प्रत देऊ नये, आणि पुढेही नको त्या ओळी झाकून गरजेपुरतंच द्यावं, असं माझं म्हणणं होतं.

तुमचे आक्षेप तीन आहेत. एका घरामागे दहा अर्जदार असताना कागदांवरून घासाघीस करणाऱ्याला घर मिळत नाही, त्यामुळे माझा सल्ला वाचकांचंच नुकसान करतो. भाडं थकलं तर झळ मालकाला बसते, म्हणून त्याला सगळं बघायचा हक्क आहे, आणि काळ्या पट्ट्या मारलेलं स्टेटमेंट खरं कशावरून मानायचं? आणि लोकांची माहिती तशीही सगळीकडे फुटलेली आहे, मग एक स्टेटमेंट झाकून काय साधणार? शेवटी तुम्ही लिहिलंत, "माझ्या मेलमध्ये इतक्या वर्षांतल्या सगळ्या अर्जदारांचे कागद जसेच्या तसे आहेत. आजवर कुणाचं काही बिघडलेलं नाही."

दुसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करते, कारण त्यातली काळजी मला पूर्ण मान्य आहे. भाडं थकलं की घर रिकामं करून घ्यायला वेळ लागतो, आणि तोवर मालकाच्या कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. अनोळखी माणसाच्या हाती घर सोपवण्यापूर्वी दोन गोष्टी कळायलाच हव्यात: हा माणूस स्वतःला जो म्हणवतो तोच आहे ना, आणि दरमहा एवढं भाडं त्याला झेपेल ना.

आता सहा महिन्यांचं पूर्ण स्टेटमेंट समोर ठेवा आणि त्यातल्या किती ओळी या दोन प्रश्नांची उत्तरं देतात ते बघा. पगार जमा झाल्याच्या सहा, भाडं गेल्याच्या सहा. बाकीच्या ओळी काय सांगतात? कोणत्या डॉक्टरकडे किती वेळा पैसे गेले. औषधं कुठून घेतली. देणगी कोणत्या संस्थेला, कोणत्या पक्षाला, कोणत्या धर्मस्थळाला दिली. घरी कुणाला दरमहा पैसे पाठवावे लागतात. कोणत्या वेळी माणूस कुठे असतो, कधी गावाला जातो. खात्यात शिल्लक किती आहे, म्हणजे पुढच्या वेळी भाडं किती वाढवलं तरी तो मुकाट्याने देईल. हे शेवटचं मी मुद्दाम लिहिते आहे. करार होण्याआधीच एका बाजूला दुसऱ्याची सगळी शिल्लक माहीत असेल, तर ती बोलणी बरोबरीची राहत नाहीत.

ऐपतीचा पुरावा आणि खात्याचा तपशील या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. जर्मनीत शुफा ही पतमाहिती देणारी संस्था दोन प्रकारचे कागद देते. एकात माणसाबद्दलची सगळी नोंद असते, ती त्याने स्वतःसाठी घ्यायची. दुसऱ्यात फक्त गोषवारा असतो, आणि घरमालकाला द्यायला तो पुरतो. आपल्याकडच्या आधारचीही अशी प्रत मिळते, तिच्यात क्रमांकाचे शेवटचे चारच अंक दिसतात. या सोयी ज्यांनी केल्या त्यांनी मालकाची गरज नाकारलेली नाही. तिला पुरेल एवढंच बाहेर जाईल, अशी व्यवस्था केली आहे.

राहिला काळ्या पट्ट्यांचा प्रश्न. यावर मी खूप विचार केला, कारण तुमचा प्रश्न रास्त आहे. पण पट्टी नसलेलं स्टेटमेंट तरी खरं कशावरून? पीडीएफमधला आकडा बदलणं आज कुणालाही जमतं, आणि लबाडी करणारा माणूस पट्ट्या मारायच्या भानगडीत पडतच नाही. तो सुबक, पूर्ण, खोटं स्टेटमेंट देतो. खरेपणा कागदाच्या लांबीवर ठरत नाही, पडताळणीवर ठरतो. अर्जदाराच्या कंपनीला फोन करा, पण त्याने दिलेल्या नंबरवर नको, तुम्ही स्वतः शोधलेल्या नंबरवर. आधीच्या मालकाशी बोला. आणि एवढं करूनही शंका उरली, तर समोरासमोर बसून त्याला बँकेचं अ‍ॅप त्याच्याच फोनवर उघडायला सांगा आणि पगाराच्या नोंदी डोळ्यांनी बघा. बघितलं म्हणजे ठेवून घेतलं पाहिजे असं नाही. खात्री तुम्हाला मिळते आणि प्रत कुणाकडेच राहत नाही.

आता पहिला आक्षेप, दहा जणांच्या रांगेचा. कागद देताना आढेवेढे घेणारा मागे पडतो, हे खरं आहे. म्हणूनच मी मूळ लेखात "देऊ नका" एवढंच म्हटलं नव्हतं, "आधीच तयार ठेवा" असंही म्हटलं होतं. ऐन वेळी स्टेटमेंट मागितल्यावर जो विचारात पडतो, तो एक तर सगळं देऊन टाकतो किंवा घर गमावतो. ज्याच्याकडे छोटा, नीट लावलेला संच तयार असतो, तो रांगेत सगळ्यात पुढे असतो. हुद्दा, नोकरीची सुरुवात आणि पगार सांगणारं कंपनीचं पत्र. आधीच्या घराच्या भाड्याच्या पावत्या किंवा त्या मालकाचं दोन ओळींचं पत्र. फक्त नाव, तारखा आणि पगाराच्या ओळी दिसतील असं स्टेटमेंट. स्वतःचा व्यवसाय असेल तर हिशेबनिसाचं पत्र किंवा कर भरल्याची पोचपावती. हे पहिल्या भेटीनंतर तासाभरात पाठवता येतं. सोबत एवढा निरोप पुरेसा असतो: "तुम्हाला लागणारी माहिती यात आहे. आपलं नक्की ठरलं की बाकीचे कागद प्रत्यक्ष भेटून दाखवतो." असा निरोप येतो तेव्हा समोरचा माणूस व्यवस्थित आहे, हेच मालकाला दिसतं.

टप्प्याटप्प्याने कागद मागण्याचा हा विचार माझ्या डोक्यातून आलेला नाही. जर्मनीतल्या माहिती संरक्षण अधिकाऱ्यांनी घरमालकांसाठी काढलेल्या मार्गदर्शनात तीन टप्पे आहेत. घर बघताना माणसाची ओळख आणि संपर्क. त्याने घर हवं असं सांगितलं की नोकरी आणि उत्पन्नाबद्दलचे प्रश्न. आणि मालकाने एका माणसाची निवड केल्यावरच त्याच्या एकट्याच्या उत्पन्नाचे पुरावे, तेही नको तो मजकूर झाकून. फ्रान्समध्ये तर ५ नोव्हेंबर २०१५च्या सरकारी आदेशात मालक कोणते कागद मागू शकतो याची यादीच दिली आहे. शेवटच्या तीन पगाराच्या पावत्या त्यात आहेत, बँक स्टेटमेंट नाही. यादीबाहेरचं मागितलं तर मालक व्यक्ती असल्यास ३,००० युरोपर्यंत आणि संस्था असल्यास १५,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. तिथेही घरं भाड्याने जातात, तिथेही एका घरामागे रांगा असतात, आणि पूर्ण स्टेटमेंट न बघता मालक निवड करतात.

त्या रांगेबद्दल मला आणखी काही सांगायचं आहे, आणि सगळ्यात जास्त तळमळ त्याचीच आहे. दहा जणांनी अर्ज केला की घर एकालाच मिळतं. उरलेल्या नऊ जणांशी तुमचा पुढे काहीही संबंध उरत नाही. तरीही त्यांचं नाव, जन्मतारीख, पत्ता, फोटो, सही, नोकरी, पगार आणि खाते क्रमांक, सगळं एकत्र तुमच्याकडे राहतं. एजंट मध्ये असेल तर त्याच्याकडेही, आणि त्याने ज्या आणखी दोन मालकांना पुढे धाडलं असेल त्यांच्याकडेही. घर शोधणारा माणूस एकाच ठिकाणी थांबत नाही. महिनाभर शोधाशोध करणाऱ्याचा संच किती जणांच्या फोनमध्ये पडून आहे, हे त्यालाही सांगता येणार नाही.

आणि त्या कागदांवर फक्त त्याचीच माहिती नसते. खातं नवरा-बायकोचं एकत्र असेल तर दोघांचे व्यवहार जातात. जामीनदार म्हणून वडिलांनी किंवा मित्राने विश्वासाने दिलेले कागदही त्याच मेलमधून जातात. ज्या माणसाला त्या घरात राहायचंसुद्धा नाही, त्याचं उत्पन्न आणि ओळखपत्र अनोळखी लोकांकडे पोचतं. कुणाचे कागद जामीनदार म्हणून देत असाल तर ते कुठे जाणार आहेत हे त्याला आधी सांगा. मला हा साध्या सभ्यतेचा भाग वाटतो.

माहिती आधीच फुटलेली आहे, हा तुमचा तिसरा मुद्दा अर्धा खरा आहे. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीकडून सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. असा धोका जगात आहेच. पण कुठून तरी फुटलेला फोन नंबर वेगळा आणि ताज्या तारखेचा, सहीसकट, पगारासकट तयार संच वेगळा. दुसऱ्याच्या नावावर कर्ज काढायला जे काही लागतं, तेच नेमकं भाड्याच्या अर्जात एकत्र बांधलेलं असतं. म्हणून तर भामटे घरमालकाचं सोंग घेतात. दुसऱ्या जाहिरातीतून उचललेले फोटो, आसपासच्या घरांपेक्षा बरंच कमी भाडं, परगावी असलेला मालक, आणि घर दाखवण्याआधीच कागद व अनामत रक्कम पाठवायची घाई. जो तुम्हाला घराच्या आत नेऊ शकत नाही, त्याला काहीही पाठवू नका. ओटीपी, पिन, पासवर्ड आणि कार्डामागचा आकडा तर भाड्याच्या व्यवहारात कुणालाच कधी लागत नाही.

झाकण्याच्या पद्धतीबद्दल इतर वाचकांनीही विचारलं आहे, म्हणून थोडं सांगते. पीडीएफवर काळा चौकोन ओढला की खालची अक्षरं जात नाहीत, ती निवडून दुसरीकडे चिकटवली की पुन्हा दिसतात. जानेवारी २०१९ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या निवडणूक प्रचाराचे माजी प्रमुख पॉल मॅनाफर्ट यांच्या वकिलांनी अमेरिकेतल्या न्यायालयात दाखल केलेल्या कागदात हेच घडलं, आणि झाकलेला मजकूर पत्रकारांनी वाचला. फोनमधल्या मार्करची रेघ बऱ्याचदा अर्धपारदर्शक असते, उजेड वाढवला की खालचे आकडे उमटतात. सगळ्यात साधा उपाय म्हणजे कागद छापायचा, नको त्या ओळींवर जाड कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या आणि मग स्कॅन करायचं. त्या स्कॅनवर मजकुरावरूनच तिरकं लिहायचं: "फक्त अमुक पत्त्याच्या घराच्या भाडे अर्जासाठी", आणि तारीख. कोपऱ्यात लिहिलं तर कापून टाकता येतं. फ्रान्समध्ये दोसिए-फासिल ही सरकारी सेवा अर्जदारांच्या कागदांवर अशी खूण विनामूल्य उमटवून देते. अशी खूण असलेला कागद दुसऱ्या कामासाठी वापरणं भामट्याला अवघड जातं, आणि प्रामाणिक मालकाचं त्याने काहीच अडत नाही.

आता तुमच्या मेलकडे येते. "कुणाचं काही बिघडलेलं नाही" हे तुम्हाला कसं कळणार? ज्याच्या नावावर कर्ज निघालं, त्याला ते महिन्यांनी किंवा वर्षांनी कळतं, आणि कागद कोणाकडून गेला हे बहुतेक वेळा कधीच कळत नाही. तुमच्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण तुमच्या मेलचा पासवर्ड उद्या कुणाच्या हाती लागला, तर इतक्या सगळ्या कुटुंबांचं नुकसान एका दिवसात होऊ शकतं, आणि तो डाग तुमच्या नावाला लागेल. अमेरिकेत १ जून २००५ पासून लागू असलेल्या नियमानुसार, अर्जदारांचे पत अहवाल मागवणाऱ्या घरमालकांनाही ते काम संपल्यावर पुन्हा वाचता येणार नाहीत असे नष्ट करावे लागतात. युरोपात २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या माहिती संरक्षण नियमांत, ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपलं की ती ठेवू नये, हे मूळ तत्त्व आहे.

म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. सध्याच्या भाडेकरूचा करार, आणि कायद्याने किंवा कराच्या हिशेबासाठी जे ठेवावं लागतं ते ठेवा. ज्यांना घर दिलं नाही त्यांचे मेल काढून टाका. कचरापेटीतूनही काढा, नाही तर ते काही दिवस तिथेच राहतात. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो फोनच्या गॅलरीत आणि तिथून क्लाउडवर गेलेले असतात, तेही बघा. एजंटला एक निरोप धाडून त्याच्याकडच्या प्रती पुसायला सांगा. आणि पुढच्या वेळी जाहिरातीतच लिहा की कागद फक्त निवड झालेल्या अर्जदाराकडून घेतले जातील. हे करताना काही अडलं, कोणता कागद ठेवावा असा प्रश्न पडला, तर इथेच विचारा. मला माहीत असेल तेवढं नक्की सांगेन.