इमामाच्या मागे ओठ हलले तर

पुण्यात कोंढव्यात राहणाऱ्या माझ्या भाच्याला मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजनंतर एका बुजुर्गांनी सगळ्यांदेखत सुनावलं, की इमामाच्या (नमाज पढवणाऱ्याच्या) मागे फातिहा, म्हणजे कुरआनची पहिली सूरह (अध्याय), वाचायची असेल तर दुसरी मशीद बघ. त्यावरून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडले. दोहात बसून मी ते सगळं वाचत होतो. दोन्हीकडून हदीस (पैगंबरांची (स.) वचनं) येत होत्या आणि एकही खोटी ठरवण्यासारखी नव्हती.

फातिहा न वाचणाऱ्याची नमाज होत नाही, ही उबादा इब्न सामित यांची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस-संग्रहांत आहे. शाफई, हनफी, मालिकी, हंबली हे सुन्नींचे चार पंथ; तिच्या आधारे शाफई लोक इमामामागेही फातिहा वाचणं फर्ज (सक्तीचं) मानतात. हनफी सूरह आराफची 204वी आयत पुढे ठेवतात: कुरआन वाचलं जात असताना लक्ष देऊन ऐका आणि गप्प राहा. इमामाचं वाचन तेच मुक्तदीचं (मागे उभ्या असलेल्याचं) वाचन, असं त्यांचं म्हणणं. मालिकी आणि हंबली मधली वाट धरतात. जुहर-असरला (दुपारच्या नमाजांना) इमाम हळू वाचतो तेव्हा आपणही वाचावं, फजर-मगरिब-इशाला (पहाटे, संध्याकाळी, रात्री) तो मोठ्याने वाचतो तेव्हा ऐकावं. हजार वर्षांहून जास्त काळ आलिमांनी (धर्मपंडितांनी) यावर लिहिलंय. मगरिब आणि इशाच्या मधल्या वेळात कोंढव्यात ते मिटायचं नाही.

आमच्या घरात तर दोन्ही रीती नांदल्या. अब्बा पुण्याचे, हनफी. अम्मी श्रीवर्धनची, आणि कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. मामू आले की भवानी पेठेतल्या मशिदीत अब्बांच्या शेजारी उभे राहायचे. रुकूला (कमरेतून वाकायला) जाताना मामूंचे दोन्ही हात वर उठायचे, अब्बांचे सरळ गुडघ्यांवर जायचे. फातिहा संपली की मामूंची आमीन ऐकू यायची, अब्बांची नाही. अब्बांनी त्यांना कधीच टोकलं नाही.

इथे दोहात एका बाजूला हात सोडून उभा राहणारा मॉरिटानियाचा मालिकी माणूस असतो, दुसऱ्या बाजूला इंडोनेशियाचा शाफई. इमामाने फातिहानंतर जरा दम घेतला की तेवढ्यात हा आपली फातिहा वाचून घेतो. ओठ हलताना दिसतात, आवाज येत नाही. कुणी कुणाला काही बोलत नाही.

हे दाखवून पुण्याला धडे देणं सोपं आहे, पण मला ते रास्त वाटत नाही. इथला इमाम औकाफ (धार्मिक मालमत्तांचं) मंत्रालय नेमतं. मशीद चालवण्याचा भार माझ्यावर नाही, आणि शेजारी उभ्या माणसाचं नावही मला ठाऊक नसतं. पुण्यात मशीद जमातीच्या चंद्यावर चालते, ट्रस्टी गल्लीतलेच असतात. भाच्याला बोलले तेच बुजुर्ग उद्या आमच्या घरच्या जनाज्याला खांदा देतील. एवढा जीव लावणारी माणसं टोकणारच, आणि मला ते चालतं. मशीद सोड म्हणणं मात्र चालत नाही. असल्याच भांडणातून बनारसच्या मशिदीत मोठ्याने आमीन म्हणण्याचा खटला 1885 साली अलाहाबाद हायकोर्टापर्यंत गेला होता. तिथे न्यायमूर्ती सय्यद महमूद यांना फिकहचे (इस्लामी कायद्याचे) ग्रंथ समोर ठेवून सांगावं लागलं, की मशिदीत आमीन मोठ्याने म्हणणं हा गुन्हा नाही. आपल्या घरातली गोष्ट कोर्टाने सोडवावी, याचं मला आजही वाईट वाटतं.

अदब म्हणून विचाराल तर मला अबू दाऊद यांच्या संग्रहातली एक हदीस पुरेशी वाटते. मशिदीत लोक मोठमोठ्याने वाचत होते, तेव्हा पैगंबरांनी (स.) सांगितलं, की तुमच्यातला प्रत्येकजण आपल्या रबशी बोलतो आहे, एकमेकांना त्रास देऊ नका, वाचताना एकमेकांवर आवाज चढवू नका. भाच्याला मी एवढंच विचारलं, शेजारच्याला ऐकू जात होतं का? म्हणाला, थोडंसं जात असेल. मग आवाज कमी कर म्हणायचा बुजुर्गांना पूर्ण हक्क होता. वाचू नकोस म्हणायचा नव्हता.

खरा वाद घालायचाच असेल तर तो इमामाच्या वाचनावर घाला. आपण हनफी, आपलं काम ऐकणं. मग ऐकू येईल, कळेल असं वाचणं हे वाचणाऱ्याचं काम नाही का? रमजानात आपल्याकडे दहा दिवसांत कुरआन पुरं करणाऱ्या तरावीह (रमजानच्या रात्रीच्या जादा नमाजा) होतात. हाफिजसाहेब (कुरआन तोंडपाठ असलेले) असे पळत सुटतात, की आयतीचा शेवट तेवढा कानावर पडतो, मधलं सगळं गिळलं जातं. कुरआन ठहरून ठहरून वाचा, असा सूरह मुजम्मिलमध्ये साफ हुकूम आहे. दुसरीकडे, पैगंबरांचे (स.) साथी मुआज यांनी इशाला सूरह बकरा, कुरआनची सगळ्यात लांब सूरह, सुरू केली आणि थकलेल्या माणसाला नमाज सोडावी लागली, तेव्हा पैगंबर (स.) मुआज यांच्यावर रागावले आणि छोट्या सूरह वाचायला सांगितलं. म्हणजे थोडं वाचायला मुभा आहे, गिळायला नाही.

भाच्याला मी सांगितलंय, त्या बुजुर्गांकडे सलाम करून जा, आणि रमजानच्या आधी दोघं मिळून कमिटीला भेटा. दहाऐवजी सत्तावीस रात्री घ्या, रोजचं वाचन कमी ठेवा, आणि हाफिजसाहेबांना सावकाश वाचू द्या.