पाण्यात उतरायच्या आधी

सुट्ट्या लागल्या की आमच्या गल्लीत एकच विषय असतो, समुद्रावर कुठं जायचं. कुणी गोव्याचं नाव काढतं, कुणी मालवणचं. मला विचारलं की माझं ठरलेलं उत्तर असतं: वेंगुर्ला रोडनं गाडी घे, आणि हॉटेलांच्या पाट्या जिथं संपतात तिथं थांब.

आपल्या बेळगावातल्या रस्त्याला वेंगुर्ला रोड म्हणतात ते उगाच नाही. रेल्वे यायच्या आधी बेळगावचा माल याच वाटेनं घाट उतरून वेंगुर्ल्याच्या बंदरात जायचा. आमच्या आज्जीच्या तोंडी 'खाली' म्हणजे कोकण. खालचं मीठ, खालचे नारळ, खालची सुकी मासळी. अजूनही हिंडलगा, सुळगा, बाची मागं टाकून शिनोळीला महाराष्ट्र लागला, की आमच्या गाडीतलं बोलणं वाढतं. आंबोलीला चहा घ्यायचा, घाट उतरायचा, आणि दाणोलीला आलं की खिडकीतून येणारी हवाच वेगळी लागते. सकाळी निघालेला माणूस जेवायच्या आधी वाळूत उभा असतो. समुद्र इतका जवळ आहे म्हणूनच आपण त्याला गृहीत धरतो, आणि मला आज त्याबद्दलच लिहायचंय.

शिरोडा, मोचेमाड, सागरेश्वर, वायंगणी, पलीकडं निवती, भोगवे. कारवारच्या बाजूला माजाळी आणि तिथून डोंगर ओलांडला की तिळमाती, जिथली वाळू खरंच काळ्या तिळासारखी आहे. या जागांवर मी गेली पंधराएक वर्षं जातोय. सुरूच्या बनात चटई टाकून पडावं, संध्याकाळी खाडीच्या तोंडाला गरी टाकून बसावं, रात्री ज्यांच्या घरी उतरलोय त्यांच्याच चुलीवरचं तारल्यांचं तिखलं, म्हणजे माशांचं तिखट कालवण, आणि भात. यापेक्षा मोठं सुख मला माहीत नाही. पण हे सगळं मला एका माणसानं हाक मारली म्हणून आजही मिळतंय.

मोचेमाडला झालं ते. आम्ही दोन कुटुंबं होतो. माझा पुतण्या तेव्हा कॉलेजात, पोहण्यात पटाईत. रविवारी सकाळी तलावात अर्धा तास न थांबता पोहायचा. किनारा रिकामा. लाटा दोन्ही बाजूंना पांढऱ्याशुभ्र फुटत होत्या आणि मधे पंधरावीस फूट रुंद एक पट्टा अगदी शांत होता. पाणी सपाट, जरा काळपट. बघणाऱ्या कुणालाही वाटेल, हीच पोहायची जागा. पोरगं शर्ट काढून तिकडंच निघालं, मीही काही बोललो नाही. वर माडाखाली एक म्हातारे काका जाळं शिवत बसले होते. त्यांनी सुई टाकली, उठले आणि ओरडले, "अरे झिला, थंय जाव नको! थंय ओढ आसा!"

पोरगं गुडघाभर पाण्यातून परत आलं. काकांनी काही न बोलता माडाची एक वाळकी झावळी उचलली, त्याच सपाट पट्ट्यात नेऊन टाकली आणि आम्हाला बघायला सांगितलं. झावळी किनाऱ्याकडं आली नाही. ती सरळ आत निघाली, एखाद्यानं दोरी बांधून ओढावी तशी. मिनिटभरात ती लाटांच्या पलीकडं होती. माझ्या वहिनीनं पोराचा हात धरला तो जेवायला बसेपर्यंत सोडला नाही.

लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत जायला वाट शोधतं, आणि ती वाट म्हणजे हा शांत दिसणारा पट्टा. जिथं लाट फुटत नाही तिथं पाणी खोल असतं आणि आत ओढत असतं. खाडीच्या तोंडाला ओहोटी लागली की हीच गत. त्यात सापडलात तर सरळ किनाऱ्याकडं हात मारू नका, त्यात दम संपतो आणि माणूस दमूनच बुडतो. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत बाजूला व्हा, फुटणाऱ्या लाटांपर्यंत पोहोचलात की त्याच तुम्हाला बाहेर आणतील. पोहता येत नसेल तर धडपड न करता तरंगत राहा आणि हात वर करा. आणि बाहेर असलेल्यांनो, एकामागं एक उड्या मारू नका. दोरी, रिकामा कॅन, ट्यूब, जे तरंगेल ते फेका आणि कोळ्यांना हाका मारा.

२०१७ चा एप्रिल बेळगावात कोण विसरलंय? मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर आपल्या गावचे आठ जण गेले. सहलीला गेलेली पोरं. त्या रात्री गावात जी शांतता होती ती अजून माझ्या कानात आहे. आणि तरीही दर सुट्टीत मी आपल्याकडच्या पोरांचे गट बघतो. दुपारी गाडीतून उतरले की कपड्यांसकट थेट पाण्यात. किनाऱ्यावर कोणी भेटलं तर विचारत नाहीत, कोणी हटकलं तर उलटं बोलतात. अशा लहान गावांत बहुतेक ठिकाणी जीवरक्षक नसतो, धोक्याची पाटी असलीच तर खाऱ्या वाऱ्यानं अक्षरं गेलेली. तिथला जीवरक्षक म्हणजे तो जाळं शिवणारा म्हातारा. त्याला विचारायला दोन मिनिटं लागतात. काका, आज पाणी कसं आहे, कुठं उतरू? आजवर मला कुणी तुटक उत्तर दिलेलं नाही. उलट पुढचा प्रश्न येतो, "खंयसून इलात?", म्हणजे कुठून आलात? बेळगाव म्हटलं की कुणाची तरी आत्या शहापुरात निघते.

गरीचंही तसंच. मी मार्कंडेयच्या काठावर गळ टाकायला शिकलो, तिथं पाणी एकाच दिशेला जातं. खाडीत दिवसातून दोनदा पाणी चढतं आणि दोनदा उतरतं हे मला काकांनी शिकवलं. त्यांचा हिशोब घड्याळाचा नाही, तिथीचा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ, साधारण. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. पाणी चढायला लागलं की सुंगटाचा, म्हणजे कोळंबीचा, तुकडा लावून खाडीच्या तोंडाशी बसायचं, भरती पूर्ण व्हायच्या आत तांबोशी नाहीतर काळुंदर लागायची शक्यता चांगली. शेंगटी लागली तर हातानं सोडवायला जाऊ नका, तिचा काटा विषारी असतो. लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात धरायचा आणि डॉक्टर गाठायचा. आणि खडकावर बसला असाल तर समुद्राकडं पाठ कधीच करायची नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर त्या खडकांवर जाऊच नये.

एका पहाटे आम्हाला रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला मिळाली. होडी जाळं घेऊन अर्धगोल मारून आली, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि प्रत्येक दोराला पंधरावीस माणसं. एका लयीत मागं मागं सरकायचं, शेवटच्या माणसानं दोर सोडून पुढं पाण्याकडं जायचं, परत धरायचं. माझ्या तळहाताची साल गेली. तासाभरानं जाळ्याचं पोट वाळूवर आलं तेव्हा आत चांदीसारखे पेडवे उसळत होते, मधे थोडे बांगडे, एकदोन खेकडे. काकांचा चेहरा मात्र पडला. पूर्वी एवढ्यात चार गावं जेवायची म्हणाले. आता मोठ्या यांत्रिक बोटी पर्ससीन जाळी टाकून बाहेरच सगळं घेरतात, किनाऱ्यापर्यंत मासा येतोय कुठं. मग दोर धरणाऱ्यांचे वाटे झाले, आणि आम्हालाही नको नको म्हणताना चार बांगडे दिले.

ज्या वाळूवर आपण क्रिकेट खेळतो, ती यांची कामाची जागा आहे. होडी येताना बघून बाजूला व्हायला हवं, सुकत टाकलेल्या जाळ्यावरून चालत जाऊ नये, इतकं तरी आपल्या पोरांना सांगूया की. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. मासे त्या दिवसांत अंडी घालतात आणि समुद्र खवळलेला असतो. होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या असतात. आयुष्य समुद्रात काढलेली माणसं जेव्हा दोन महिने पाण्यात जात नाहीत, तेव्हा आपण पावसाळी सहलीला लाटांत उतरून काय सिद्ध करतो?

आणि एक गोष्ट मला फार लागली. वायंगणीला हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. मादी रात्री येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, झाकते आणि परत जाते. पिल्लं बाहेर यायला दीडदोन महिने लागतात. गावातली माणसं पहाटे उठून ती घरटी शोधतात, जाळी लावून राखतात. त्याच पट्ट्यातल्या एका किनाऱ्यावर मी केए २२, म्हणजे बेळगावच्या, नंबरची जीप वाळूत गोल गोल फिरताना पाहिली. आपली गाडी. आपली माणसं. मी जाऊन थांबवलं, भांडण झालं, पण गाडी बाहेर काढली त्यांनी. चाकांच्या त्या खुणांखाली काही होतं की नव्हतं, देव जाणे. मला रात्री झोप लागली नाही.

पुतण्या आता नोकरीला लागलाय, पुण्यात असतो. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला, मित्रांना घेऊन येतोय, मोचेमाडलाच जाऊया म्हणाला. मी काकांना फोन केला. त्यांना आता कमी ऐकू येतं, सूनबाई बोलल्या. शनिवारी पहाटे निघतोय. तिथी षष्ठी, म्हणजे भरती साडेचारला. गरीला सुंगटं त्या ठेवणार आहेत, आणि काकांसाठी मी इथून कुंदा नेतोय.