चौथा चरण कोण म्हणणार?

काल रात्री पार्क चौकातल्या कट्ट्यावर पावणेबारापर्यंत वाद चालला, विषय एकच, श्रीधरस्वामींच्या ओवीबद्ध रामविजयाचं संगीत नाटक करायचं का नाही. माझा हट्ट करायचंच, स्वामी आपल्याच सोलापूर जिल्ह्यातले, सांगोल्याकडच्या नाझऱ्याचे, ग्रंथ १७०३ चा, आणि आपण हुतात्मा स्मृती मंदिरात नुसती बाहेरगावची नाटकं बघत बसायचं का?

आमचा तबलेवाला लगेच तयार. "यमक आहेच की बे, साकी-दिंडीच्या चालीत बसवू, किर्लोस्करांनी १८८२ ला सौभद्र केलं तेपण महाभारतातलंच ना."

सर कॉलेजात इंग्रजी शिकवतात, ते म्हणाले थांब, किर्लोस्करांनी गोष्ट घेतली, कुणाच्या ओळी नाही घेतल्या. मग त्यांनी मिल्टन या इंग्रज कवीचं सांगितलं. आंधळा झालेला माणूस, दुसऱ्याला सांगून सांगून 'पॅराडाइज लॉस्ट' लिहून घेतलं, १६६७ ला छापलं, मुद्दाम यमक टाळून, यमक म्हणजे बेडी असं त्याचं स्पष्ट मत. आणि ड्रायडन, तोही कवी आणि नाटककार, त्याच्याकडेच परवानगी मागायला गेला, याचं यमकात नाटक करू का म्हणून. त्या काळी कपड्याच्या नाड्यांना धातूची टोकं असायची, मिल्टन म्हणाला म्हणे, लावा माझ्या ओळींना टोकं, म्हणजे यमकं. ड्रायडनने पाच अंकी ऑपेरा लिहिला, १६७७ ला छापला, स्टेजवर मात्र कधी आलाच नाही.

"म्हणजे यमकानं घात केला," तबलेवाला.

मला ते पटलं नाही, कारण ओवीत पहिले तीन चरण यमकात आणि चौथा मोकळाच असतो, म्हणजे आपल्याकडं दोन्ही आहे, कान पण भरतो आणि अर्थाला जागा पण राहते. तो चौथा चरण ओढून यमकात बसवला तर ओवी मेली, एवढं मात्र खरं.

आप्पा तोवर गप्प होते. ते दर चातुर्मासात पोथी वाचतात. म्हणाले, "अरे, मी वाचताना राम बी माझ्याच तोंडून बोलतोय आन् रावण बी. मधीच श्रीधर स्वतः बोलतोय. नाटकात राम वेगळा, रावण वेगळा, मग श्रीधर कुठं बसणार?"

यावर सगळेच गप्प. सर हळूच म्हणाले, मिल्टनपण तिसऱ्या सर्गाच्या सुरुवातीला प्रकाशाला हाक मारून स्वतःच्या आंधळेपणाबद्दल बोलतो, नाटकात तो भाग कुणाच्या तोंडी घालणार?

मी म्हटलं आप्पा, सूत्रधार आहे ना आपल्याकडं. पदं पात्रांना द्यायची, ओव्या सगळ्या सूत्रधाराला, जशाच्या तशा, एक अक्षर न बदलता. आप्पा म्हणाले नांदी झाली की तो विंगेत जातोय. नाही जाऊ द्यायचा, तीन तास पोथी घेऊन स्टेजवरच बसवायचा, युद्ध चालू असताना पण.

आप्पांनी मग तिथंच एक ओवी म्हणून दाखवली, पोथीच्या चालीत. तबलेवाला बाकावर ठेका धरत होता, तीन चरण बरोबर आले, चौथ्याला त्यानं हात उचलून धरला आणि म्हणाला, "आप्पा, परत एकदा म्हणा ओ."